सेल्फ मारण्याआधी जुनं इंजिन हाताने फिरवून पाहा

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, वर्षभराच्या कराराचे नवे सालदार गडी ठरले, आता खळ्याच्या कोपऱ्यात पडून असलेल्या जुन्या ट्रॅक्टरची आठवण येईल. एरवी एका ट्रॅक्टरवर भागतं. पण २५ मेला रोहिणी नक्षत्र निघालं की वखराच्या पाळ्या, सऱ्या, शेणखताच्या ट्रॉल्या सगळं एकदम अंगावर येतं. गुलाबी बोंडअळीमुळे कपाशीची लागवड जूनच्या आधी करू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, त्यामुळे मेचे शेवटचे दिवस हातात असतात. तेच दिवस जुन्या इंजिनाला द्या. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर द्यायला कोणाकडेच वेळ नसतो, आणि मिस्तरी तर फोनही उचलत नाही.

होतं काय, तर चालत्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून जुन्याला लावायची, किल्ली फिरवायची आणि सेल्फ मारत बसायचं. आमच्या खळ्यात असंच झालं. तीन सिलिंडरचं जुनं धूड, पावसाळ्याआधी निंबाखाली लावलेलं. सायलेन्सर उभा, वर झाकण नाही. अख्खा पावसाळा त्यात पडला. पुढच्या मेमध्ये भाच्याने बॅटरी जोडून सेल्फ मारला. खट्ट असा आवाज आला आणि इंजिन अडलं. बॅटरी उतरली असेल समजून त्याने पुन्हा मारला, पुन्हा खट्ट. तिसऱ्यांदा ते चालू झालं, पण एका सिलिंडरचा ठोका वेगळाच यायला लागला. हेड खोललं तर एका पिस्टनला खालून धरणारा कनेक्टिंग रॉड वाकलेला. म्हातारा मिस्तरी हात पुसत एवढंच म्हणाला, "कसाले घाई करस, भाऊ?"

यात सेल्फचा दोष नाही, हिशोबाचा आहे. पस्तीसेक हॉर्सपॉवरच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात एकेका सिलिंडरमध्ये साधारण ८०० सीसी हवा मावते. डिझेल इंजिन ही हवा सोळा-सतरा पट दाबतं. म्हणजे पिस्टन अगदी वर आला की डोक्यावर जागा उरते ती जेमतेम ५० सीसी. एक कटिंग चहा. हवा दबते, पाणी दबत नाही. वाल्व्हच्या उघड्या फटीतून तेवढं पाणी सिलिंडरमध्ये उतरलं असेल तर पिस्टनला वर जायला जागाच नाही, आणि सेल्फचा जोर थेट रॉडवर येतो. हाताने फिरवताना हेच पाणी असेल तर दांडी अडते, तुम्ही थांबता, काही मोडत नाही.

पाणी नसलं तरी वर्षभर उभ्या इंजिनात दुसरं दुखणं असतं. स्लीव्हवरचं, म्हणजे पिस्टन ज्या नळकांड्यात फिरतो त्यावरचं, ऑइल ओघळून खाली गेलेलं असतं, पावसाळी दमटपणाने पिस्टनच्या रिंगांच्या रेषेत गंज धरतो आणि रिंगा खोबणीत चिकटतात. जोराने फिरवलं की रिंग तुटते नाहीतर स्लीव्हला ओरखडा पडतो. तो ओरखडा मग वर्षानुवर्षं निळा धूर काढतो.

कामाला सकाळी सहालाच लागा. जळगाव-भुसावळकडच्या उन्हात अकरानंतर उघड्यावर पडलेला पाना हातात धरवत नाही. आधी चाकांना पुढून-मागून दगड लावा, गिअर न्यूट्रल, पीटीओचा (मागची अवजारं फिरवणारा) दांडा सुटा, बॅटरीची वायर काढलेली. इंजिनाचं डिझेल तोडणारी स्टॉपची दोरी ओढून तशीच बांधून ठेवा. एअर क्लीनर उघडून पाहा. उंदरांना ही जागा फार आवडते, घरट्याची काडीकचरा इंजिनात ओढली गेली तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. सायलेन्सरच्या तोंडात गांधीलमाशीचं पोळं असू शकतं, वाकून बघण्याआधी काठीने ठोकून घ्या.

मग ऑइलची पट्टी काढा. ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं किंवा पातळी खुणेच्या वर गेली असेल तर आत पाणी किंवा डिझेल उतरलंय. खालचा ड्रेन बोल्ट पूर्ण न काढता दोन-तीन आटे सैल करा. पाणी जड, ते तळाशी असतं आणि आधी तेच येतं. वाटीभर पाणी निघालं तर ते कुठून आलं हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही इंजिनांत स्लीव्हच्या भोवती पाणी खेळतं, तिथे खालच्या रबरी रिंगा वयाने कडक होऊन गळायला लागतात. हे काम मिस्तरीचंच, घरी करण्यासारखं नाही.

ऑइल ठीक असेल तर सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोजल काढा. काढण्याआधी भोवतालची माती ब्रशने आणि डिझेलने स्वच्छ करा, कारण नोजल निघालं की भोक उघडं, आणि आपली काळी माती किती बारीक असते ते सांगायला नको. स्क्रू-ड्रायव्हर घालून नोजल उचकटू नका. पाईपांची तोंडं स्वच्छ फडक्याने बांधा. तांब्याचे वायसर नवे घाला, पाच-दहा रुपयांसाठी जुने चेपलेले परत बसवण्यात अर्थ नाही. नोजल बाहेर आलेच आहेत तर पंपवाल्याकडून फवारा तपासून घ्या, एका फेरीत दोन कामं होतात.

आता अर्धं इंजिन ऑइल, अर्धं डिझेल असं मिश्रण करा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचे चार-पाच चमचे, जास्त नाही. वर सांगितलेला ५० सीसीचा हिशोब इथेही लागू आहे. गुरांच्या इंजेक्शनची जुनी सिरिंज, पुढे बारीक नळी, सुई अर्थातच काढलेली, ही त्याला उत्तम. मिश्रण कडेकडेने स्लीव्हवर मारता येतं. भोकांवर फडकं टाका आणि दोन दिवस राहू द्या. मेची गरमी एरवी नकोशी, पण ऑइल रिंगांत मुरायला ती बरी.

दोन दिवसांनी पुढच्या पुलीच्या बोल्टला नीट बसेल ती गोटी (सॉकेट पाना) लावा आणि दोन-अडीच फुटांची दांडी. ट्रॅक्टरसमोर उभं राहिलं की बहुतेक इंजिनं घड्याळाच्या काट्यासारखी फिरतात. त्याच दिशेने फिरवा, उलटा जोर लावला तर बोल्ट सैल होतो. फॅनची पाती धरून फिरवणारे बहाद्दर गावोगाव आहेत. त्यांचं ऐकू नका, पातं वाकतं नाहीतर बोटं जातात.

दांडीला झटका देऊ नका, वजन टाका. नोजल बाहेर असल्याने कॉम्प्रेशन, म्हणजे दबलेल्या हवेचा अडथळा, नसतो, त्यामुळे निरोगी इंजिन एका माणसाच्या हाताला जडशीळ पण सलग फिरतं. जरासं हललं आणि अडलं, तर जोर न लावता हलकेच मागे घ्या, पुन्हा पुढे. इंचभर मिळालं तरी ते कमावलेलं आहे. अजिबातच हललं नाही तर आणखी मिश्रण, आणखी दोन दिवस. लांब पाईप घालून चौघांनी लटकण्यात मर्दुमकी नाही. आणि दुसऱ्या ट्रॅक्टरचं टोचन लावून, गिअरमध्ये ओढून जाम इंजिन सोडवायला तर मुळीच जाऊ नका. चाकांच्या जोराला इंजिनातलं कुठलंही हाड पुरत नाही.

मोकळं झालं की पूर्ण दोन फेऱ्या द्या, कारण चार स्ट्रोक दोन फेऱ्यांत पुरे होतात. आत साचलेलं पाणी आणि जास्तीचं ऑइल भोकांतून पिचकारीसारखं येतं, तोंड बाजूला ठेवा. मग नोजल बसवून पुन्हा दोन फेऱ्या. आता हाताला कॉम्प्रेशन लागेल. तीन सिलिंडरला दोन फेऱ्यांत तीनदा, चार सिलिंडरला दर अर्ध्या फेरीला. हा अडथळा उशीवर गुडघा टेकावा तसा असतो, दाबाल तसा हळूहळू सरतो. एखाद्या ठिकाणी दांडी नुसतीच सरकली तर त्या सिलिंडरचा वाल्व्ह नीट बसत नाही किंवा रिंगा अजून चिकटलेल्या आहेत. दगडावर आपटल्यासारखी अडली तर तिथेच थांबा.

विहिरीवरच्या हँडलच्या इंजिनालाही हेच सगळं, फक्त तिथे वाल्व्ह उघडा धरून हवा सोडणारा डिकॉम्प्रेशनचा खटका असतो म्हणून नोजल काढावं लागत नाही. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत गुंडाळू नका, आणि खालून वर ओढा. इंजिनाने उलटा मार दिला तर हँडल हातातून सुटायला हवं. उपरणं, गळ्यातला गमछा आधी काढून ठेवा.

एवढं झालं की नवं ऑइल, नवा फिल्टर, डिझेलच्या टाकीचा तळ स्वच्छ, आणि फिल्टरपासून पंपापर्यंत डिझेलच्या नळीत अडकलेली एअर (हवा) काढणं. पंपाकडचं डिझेल दाबाने येतं, त्यासमोर बोट धरू नका, कातडीत घुसतं. बॅटरी जोडा. स्टॉप ओढलेलाच ठेवून सेल्फ दहा सेकंद मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा दहा सेकंद. ऑइलचा काटा हलला किंवा दिवा विझला की मगच स्टॉप सोडा.

पहिल्यांदा चालू करताना एकाने एअर क्लीनरच्या तोंडाशी जाड फळीचा तुकडा घेऊन उभं राहावं. आतलं ऑइल जळून इंजिन स्वतःहूनच सुसाट सुटलं आणि स्टॉप ओढूनही थांबेना, तर फळीने हवेचं तोंड दाबायचं. हाताने नाही, कापडाने नाही. पाच मिनिटं हळू चालवून बंद करा, दहा मिनिटांनी पट्टी काढून ऑइलचा रंग पुन्हा पाहा. पेरण्या आटोपून ट्रॅक्टर परत निंबाखाली लागला की सायलेन्सरवर तेवढा वनस्पती तुपाचा रिकामा डबा उपडा घाला, आणि महिन्यातून एकदा, स्टॉप ओढून, दोन फेऱ्या.