ट्रेलर जोडताना काय काय बघायचं

न्हावा शेव्याच्या यार्डात किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभा असलेला ट्रेलर हॉर्सला, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या गाडीला, जोडायचा असेल, तर आधी त्याच्याभोवती पायी एक फेरी मारा. जमीन सपाट आणि टणक आहे का, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेत का, लँडिंग लेग (सुटा ट्रेलर ज्यावर उभा राहतो ते पुढचे पाय) रुतलेत का, हे बघा. पावसाळ्यात तर नक्कीच. भरलेल्या ट्रेलरचे पाय रात्रभरात चिखलात खचतात आणि काल बरोबर असलेली उंची सकाळी राहत नाही. पायांखाली जाड फळी हवीच.

फिफ्थ व्हीलला, म्हणजे हॉर्सवरच्या ज्या प्लेटवर ट्रेलर टेकतो तिला, ग्रीस, तिचा जबडा पूर्ण उघडा, प्लेट मागच्या बाजूला झुकलेली, बोल्ट घट्ट. किंगपिन, म्हणजे जबड्यात अडकणारी ट्रेलरखालची पिन, वाकलेली किंवा झिजलेली नको. मापही जुळवा, कारण २ इंची किंगपिनला साडेतीन इंची जबडा धरत नाही.

आता उंची. ट्रेलरची प्लेट फिफ्थ व्हीलपेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे हॉर्स खाली शिरताना ट्रेलर जरासा उचलला जातो. ट्रेलर फार खाली असेल तर हॉर्सची चासी त्याच्यावर आदळते. जास्त उंच असेल तर किंगपिनचं फक्त टोक जबड्यात अडकतं किंवा ती वरूनच पुढे सरकते. गाडी जोडल्यासारखी दिसते आणि पहिल्या वळणावर किंवा खड्ड्यात ट्रेलर सुटतो.

रिव्हर्स अगदी सरळ रेषेत आणि हळू घ्या. तिरकं घेतलंत तर ट्रेलर ढकलला जाऊन लँडिंग लेग वाकतात. खट्ट आवाज आला की ट्रेलरचे ब्रेक लागलेले ठेवून पहिल्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढा. ट्रेलर जागचा हलायला नको. एवढ्यावर समाधान मानू नका. पार्किंग ब्रेक लावा, इंजिन बंद करा, चावी खिशात टाका आणि टॉर्च घेऊन खाली वाका. दोन्ही प्लेटांमध्ये फट नको, जबडा किंगपिनच्या मानेभोवती बंद झालेला हवा, जबड्याचं हँडल आत आणि त्याची सेफ्टी क्लिप लागलेली हवी. घाई असली की नेमकं हेच राहतं. आवाज ऐकला म्हणून निघालेली गाडी मला कधीच मान्य नाही.

एअर पाइप लावताना हॉर्सचा पार्किंग ब्रेक लागला आहे ना, हे पुन्हा बघा. लाल पाइपातून हवा गेली की ट्रेलरचे ब्रेक सुटू शकतात. हॉर्सचा ब्रेक लागलेला नसेल तर उतारावर अख्खी गाडी चालू लागते आणि ड्रायव्हर तेव्हा केबिन आणि ट्रेलरच्या मध्ये उभा असतो. सुटलेली गाडी धरायला धावून माणसं चिरडली गेली आहेत. जुन्या, स्प्रिंग ब्रेक (हवा गेली तरी लागून राहणारे ब्रेक) नसलेल्या ट्रेलरची हवा तर उभ्या उभ्या गळून ब्रेक ढिले पडतात, म्हणून ठोकळे शेवटपर्यंत काढू नका. लाल पाइप लालला, पिवळा पिवळ्याला. मग लाइटची केबल. वळताना पाइप ताणले जाणार नाहीत आणि लोंबून घासणारही नाहीत, इतकी ढील ठेवा.

लँडिंग लेग पूर्ण वर घ्या, अर्धवट नको, आणि त्यांचं हँडल दुमडून अडकवा. ब्रेक लाइट, इंडिकेटर, टायर. कंटेनर असेल तर चारही कोपऱ्यांचे ट्विस्टलॉक (कंटेनर ट्रेलरला धरून ठेवणारे फिरते कुलूप) हाताने हलवून बघा. शेवटी ठोकळे काढून गाडीत टाका, यार्डातच एकदा ब्रेक दाबून बघा, आणि थोडं अंतर गेल्यावर सुरक्षित जागी थांबून पाइप आणि जबड्याचं हँडल पुन्हा तपासा.