बाळाचं जन्मनक्षत्र आणि चरण घरच्या पंचांगावरून कसं काढायचं

बारशाच्या आद्याक्षरासाठी नुसतं नक्षत्र पुरत नाही, चरण लागतो. जन्मवेळ नीट टिपलेली असेल तर पंचांग आणि कागद-पेन घेऊन पंधरा मिनिटांत तो निघतो.

जन्माच्या क्षणी चंद्र ज्या नक्षत्रात असतो ते जन्मनक्षत्र. चंद्र 27 नक्षत्रांचा फेरा साधारण 27 दिवस 8 तासांत पुरा करतो. प्रत्येक नक्षत्र 13 अंश 20 कलांचं (60 कलांचा एक अंश), त्याचे चार चरण, एकेक 3 अंश 20 कलांचा. पण चंद्राची गती रोज सारखी नसते. एखादं नक्षत्र तो 21 तासांत ओलांडतो, एखाद्याला 27 तास घेतो. म्हणून ‘एक चरण म्हणजे सहा तास’ हा ठोकताळा वापरू नका, सर्वांत जास्त चरण त्यामुळेच चुकतात.

पंचांगात रोजच्या नक्षत्रापुढे छापलेली वेळ ते संपण्याची असते. समजा, मंगळवारी दुपारी 2.10 ला कृत्तिका संपली, बुधवारी दुपारी 3.22 ला रोहिणी संपते आणि बाळ बुधवारी सकाळी 6.40 ला जन्मलं. रोहिणीचा एकूण काळ, म्हणजे भभोग, 25 तास 12 मिनिटं: 1512 मिनिटं. जन्मापर्यंत गेलेला काळ, म्हणजे भयात, 16 तास 30 मिनिटं: 990 मिनिटं. भभोगाला 4 ने भागा, एक चरण 378 मिनिटांचा. 990 भागिले 378 म्हणजे 2.62, दोन चरण सरले, तिसरा चालू. अवकहडा चक्रात, म्हणजे चरणांची आद्याक्षरं देणाऱ्या तक्त्यात, रोहिणीचे ओ, वा, वी, वू आहेत, म्हणून अक्षर ‘वी’.

याच आकड्यांवरून विंशोत्तरी दशा, म्हणजे आयुष्यात कोणत्या ग्रहाचा काळ किती वर्षं चालतो तेही निघतं. रोहिणीला चंद्राची 10 वर्षं. उरलेली 522 मिनिटं भागिले 1512, गुणिले 10: जन्माच्या वेळी 3 वर्षं 5 महिने आणि सुमारे 13 दिवस शिल्लक.

आता घोटाळे कुठे होतात ते. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो. पहाटे 3 ला जन्मलेल्या बाळासाठी आदल्या दिवसाची ओळ पाहायची, तिथे 26.10 असं छापलेलं असेल तर ते मध्यरात्रीनंतरचे 2.10.

पंचांगातली वेळ तास-मिनिटांत असेल तर आपल्या गावासाठी, समजा नाशिकसाठी, काही कमी-जास्त करायचं नाही, भारतभर तीच चालते. घटी-पळांत असेल तर मात्र ती पंचांगाच्या गावच्या सूर्योदयापासून मोजलेली असते. समजा, पंचांग सोलापूरच्या सूर्योदयावरचं आहे. तिथे सूर्य डिसेंबरात नाशिकच्या सुमारे 13 मिनिटं आधी उगवतो, जूनमध्ये चार-पाच मिनिटं आधी. नाशिकचा सूर्योदय धरून घटी मोजल्या तर तेवढी चूक आलीच. एक घटी 24 मिनिटांची, एक पळ 24 सेकंदांचं. नातवंड परदेशात जन्मलं असेल तर आधी भारतीय वेळ करा: दुबईचे सकाळचे 8 म्हणजे आपले 9.30.

मोबाईलवर ताळा पाहताना अयनांश (पंचांगाच्या गणितात चंद्राच्या स्थानातून वजा करायचे अंश) लाहिरी म्हणजे चित्रापक्षच आहे ना, हे बघा. वरच्या उदाहरणात चंद्र वृषभेत साधारण 18 अंश 44 कलांवर यायला हवा. मिथुनेत 13 अंशांच्या आसपास दिसला तर ते सायन, म्हणजे अयनांश वजा न केलेलं गणित आहे. त्यातून सुमारे 24 अंश 13 कला वजा करा, नाहीतर रोहिणीची आर्द्रा होऊन बसेल. आणि 7-8 जूनला ‘मृग लागला’ म्हणतात ते सूर्यनक्षत्र, म्हणजे सूर्य ज्यात असतो ते, पेरणीचं. बाळाच्या पत्रिकेत जन्मनक्षत्र म्हणून ते लिहायचं नाही.

कृत्तिका, मृग, पुनर्वसू अशा दोन राशींत विभागलेल्या नक्षत्रांत चरण चुकला की रासही चुकू शकते: कृत्तिकेचा पहिला चरण मेषेत, पुढचे तीन वृषभेत. जन्म चरणाच्या सीमेपासून दहा मिनिटांच्या आत असेल तर अंदाजाने लिहू नका, दवाखान्याच्या नोंदीतली वेळ मागवा.

मूळ, आश्लेषा किंवा ज्येष्ठा निघालं आणि जननशांती, म्हणजे अशा नक्षत्रावरच्या जन्मासाठीचा शांतिविधी, करायची असेल, तर पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरी गुरुजींकडे जाताना नुसतं नक्षत्राचं नाव सांगू नका. जन्मतारीख, वार, वेळ, गाव आणि नक्षत्राच्या सुरुवातीची व शेवटची वेळ एका चिठ्ठीवर लिहून न्या, म्हणजे त्यांना चरण स्वतः पडताळता येईल.