दर बुधवारी गावात: बोर्डिंगमधल्या मुलांनी सर्व्हिस कशी लावून घ्यावी

पेडणे तालुक्यातल्या एका आंतरराष्ट्रीय निवासी शाळेत मी नऊ वर्षं हाउस पॅरेंट आहे, म्हणजे हॉस्टेलमधल्या मुलांची देखभाल करते. मूळची वाळपईची, शिकले मराठी शाळेत. मुलं कुठल्याही देशातली असोत, मला मावशीच म्हणतात. दर ऑगस्टला अकरावीची नवी मुलं येतात. त्यांत डिचोलीची, साखळीची एक-दोन असतातच. सामान लावून होत नाही तोच प्रश्न येतो, "मावशी, सर्व्हिसचे तास किती भरायचे?" सर्व्हिस म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लोकांसाठी करायचं सेवेचं काम.

तास मोजायचे नसतात. आयबी डिप्लोमा म्हणजे अकरावी-बारावीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट). त्यात सीएएस असतं, म्हणजे क्रिएटिव्हिटी, ॲक्टिव्हिटी आणि सर्व्हिस. त्याला गुण नाहीत, पण ते पुरं झालं नाही तर डिप्लोमा मिळत नाही. निदान १८ महिने सातत्य ठेवायचं, सात उद्दिष्टांचा पुरावा दाखवायचा, महिनाभर तरी चालेल असा एक प्रोजेक्ट इतरांबरोबर करायचा आणि सीएएस पाहणाऱ्या शिक्षकांबरोबर तीन मुलाखती द्यायच्या. कागदावरचं काम एवढंच.

गावात पहिल्यांदा जाल तेव्हा हातात काही नेऊ नका. विचारायला जा. माझ्या पहिल्या वर्षी आम्ही हे केलं नाही, त्याची रुखरुख अजून आहे. गावच्या प्राथमिक शाळेची भिंत रंगवायची असं आमचं इथेच बसून ठरलं. एप्रिलमध्ये चार दिवस खपून मुलांनी मोर, माड, होडी काढली, फोटो झाले. जूनमध्ये पाऊस लागला. कौलं शाकारलेली नव्हती, पन्हळ फुटलेली, सगळं पाणी त्याच भिंतीवर. पंधरा दिवसांत मोराला पोपडे आले. शाळेच्या बाई एवढंच म्हणाल्या, "विचारलं असतंत तर मी कौलांचं सांगितलं असतं." तेव्हापासून माझा नियम आहे: पहिल्या दोन फेऱ्या फक्त ऐकायच्या. बाईंना भेटा, अंगणवाडी सेविकेला भेटा, पंचांना भेटा. तुम्हाला काय करायला आवडेल हे तिथे बोलू नका. त्यांचं कुठे अडतंय ते वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.

मग छोटं काम निवडा आणि वार पक्का करा. आमचा बुधवार, साडेचार ते साडेपाच, देवळाच्या सभामंडपात तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर वाचन. सहा मुलांमागे दोघं जण. एकट्याने कधीच नाही, आणि बंद खोलीत तर नाहीच. मुलांचे फोटो आईवडिलांनी हो म्हटल्याशिवाय काढायचे नाहीत. त्या वेळी फुटबॉलची मॅच आली तरी बुधवार मोडायचा नाही, कारण पोरं पायरीवर येऊन बसलेली असतात. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी बाईंना फोन करायचा, आणि तो मी करणार नाही, तुम्ही करायचा.

मराठी येत नसेल तर काय, असं परदेशातली मुलं विचारतात. दोन वर्षांपूर्वी केनियाचा एक मुलगा होता. त्याला ळ म्हणता येईना, टाळ वाचायचा तर टाल. तिसरीतल्या एका मुलीने पुस्तक बाजूला ठेवलं, आपलं तोंड उघडून जीभ टाळूला कशी मागे वळते ते दाखवलं, आणि त्याची हनुवटी धरून म्हणाली, "आता म्हण." तीन बुधवार लागले. चौथ्या बुधवारी तो टाळ म्हणाला आणि अख्खा सभामंडप ओरडला. ही मुलगी आधी मोठ्याने वाचायला लाजायची. त्या दिवसापासून तीच आधी वाचू लागली. तुम्हाला जे येत नाही ते लपवू नका, ते पोरांना शिकवू द्या.

गावाचं पंचांग भिंतीवर लावा. चवथीच्या दिवसांत कोणी येणार नाही. पुढे जत्रा लागल्या की रात्रभर दशावतार असतो, दुसऱ्या दिवशी पोरं पेंगतात. शिगम्यात तर विचारूच नका. अशा वेळी वाचन बंद ठेवून त्यांनी बोलावलं तर तुम्ही जत्रेला जा. कासवांचं काम करायचं असेल तर मोरजीला ऑलिव्ह रिडले साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात. तिथे घरट्यांची राखण वनखातं करतं. त्यांना विचारल्याशिवाय रात्री टॉर्च घेऊन किनाऱ्यावर फिरू नका, उजेडाने पिल्लांची दिशा चुकते.

हॉस्टेलच्या दिवसात हे बसवताना एकच सांगते: मंगळवारी रात्रीचा अभ्यास बुधवारवर ढकलू नका. बुधवारी परत आलात की आंघोळ, जेवण, आणि त्याच रात्री चार ओळी लिहा. काय केलं ते थोडक्यात, काय बदललं ते नीट. महिन्याअखेर एकदम लिहिलेलं चिंतन मला दुरून ओळखू येतं. सगळे बुधवार सारखेच वाटतात त्यात.

दुसऱ्या वर्षी ४००० शब्दांपर्यंतचा एक्स्टेंडेड एसे, म्हणजे स्वतः संशोधन करून लिहायचा निबंध, आणि विद्यापीठांचे अर्ज एकाच वेळी अंगावर येतात. म्हणून ऑगस्टमध्येच अकरावीच्या दोघांना बरोबर न्यायला लागा. पोरांनी नव्या ताई-दादाला नावाने हाक मारेपर्यंत तुम्ही मागे बसायचं, मगच निघायचं. जाताना वही त्यांच्या हाती द्या. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आधीच्या मुलांनी लिहून ठेवलंय: सभामंडपाची चावी पुजाऱ्यांच्या घरी, तुळशीवृंदावनाच्या बाजूने हाक मारायची. पंख्याचं दुसरं बटण दाबू नये. पावसात सतरंजी ओली होते, डावीकडच्या खांबापाशी बसावं. आणि खाली वेगळ्या अक्षरात, चौथीतल्या एका मुलाबद्दल: याला चष्मा लागलाय असं वाटतं, बाईंना सांगितलंय, पुन्हा विचारा.