बोर्ड सर्टिफिकेशन टिकवताना या चुका टाळा

अमेरिकेत इंटर्नल मेडिसिन (प्रौढांच्या आजारांवरील वैद्यकशाखा) किंवा तिच्या उपशाखांमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरचे बोर्ड सर्टिफिकेशन, म्हणजे शाखेच्या मंडळाने दिलेले तज्ज्ञतेचे प्रमाणपत्र, अडचणीत येते, तेव्हा वैद्यकीय ज्ञान कमी पडले असे फारच थोड्या वेळा घडते. बहुधा एखादी मुदत निसटलेली असते, मिळवलेले गुण खात्यावर चढलेले नसतात किंवा बोर्डाची सूचना जुन्या ई-मेलवर जाऊन पडलेली असते. रुग्णालये आणि विमा कंपन्या सर्टिफिकेशनची स्थिती पाहूनच करार करतात व नूतनीकरण करतात, त्यामुळे या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींची किंमत मोठी असते. येथे अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिन म्हणजे एबीआयएमचे नियम समोर ठेवले आहेत. बालरोग, शस्त्रक्रिया, भूलशास्त्र वगैरे शाखांच्या मंडळांचे नियम निराळे आहेत आणि ते त्यांच्याकडूनच समजून घ्यावेत.

पहिला गोंधळ परवाना आणि सर्टिफिकेशन यांच्यातला. परवाना राज्य देते, त्याच्या नूतनीकरणासाठी सीएमईचे (डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचे) तास राज्याच्या नियमांप्रमाणे लागतात. ते तास पूर्ण झाले म्हणून बोर्डाची अट आपोआप पूर्ण होत नाही. एबीआयएमला दर ५ वर्षांत १०० एमओसी (सर्टिफिकेशन टिकवण्याच्या कार्यक्रमाचे) गुण हवे असतात, आणि दर २ वर्षांत काही ना काही गुण मिळालेले असावे लागतात. ज्या सीएमई कार्यक्रमाला एमओसीची जोड दिलेली आहे, त्याचेच गुण धरले जातात. म्हणून एखाद्या परिषदेची नोंदणी करण्याआधी तिच्या माहितीपत्रकात एबीआयएमचा उल्लेख आहे का, हे पाहावे. १०० पेक्षा जास्त झालेले गुण पुढच्या ५ वर्षांत नेता येत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

गुण मिळवूनही ते खात्यावर दिसत नाहीत, ही तक्रार अमेरिकेतल्या आपल्या मराठी डॉक्टरांमध्ये जास्त का असावी, याची दोन साधी कारणे आहेत. कार्यक्रमाचे आयोजक उपस्थितांची माहिती पाठवतात तेव्हा नाव, एबीआयएमचा क्रमांक आणि जन्माचा दिवस व महिना जुळावा लागतो. आपण लहानपणापासून आधी दिवस आणि मग महिना लिहितो, तर अमेरिकेत महिना आधी येतो. ४ जुलैला जन्मलेल्या डॉक्टरने सवयीने ४/७ लिहिले की तिथे ते ७ एप्रिल होते. दुसरे कारण नावाचे. पदवीवर वडिलांचे नाव मधले नाव म्हणून असते, लग्नानंतर आडनाव आणि कधी मधले नावही बदलते, परवान्यावर एक नाव आणि बोर्डाकडे दुसरे राहून जाते. एकच रूप ठरवून ते सगळीकडे सारखे करून घ्यावे. गुण दिसत नसतील तर आधी आयोजकांना लिहावे, कारण नोंद पाठवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम त्यांचे असते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पूर्ण केलेल्या कार्यक्रमात अशी चूक निघाली, तर दुरुस्तीला वेळच उरत नाही. म्हणून वर्षाचे गुण ऑक्टोबरपर्यंत उरकून खाते तपासलेले बरे.

सर्वांत जास्त चुका मात्र एलकेए या, दर तिमाहीला थोडे थोडे प्रश्न सोडवण्याच्या ऑनलाइन चाचणीत होतात. दर १० वर्षांनी द्यायच्या परीक्षेला पर्याय म्हणून २०२२ पासून ती सुरू झाली. दर तिमाहीला ३० प्रश्न, म्हणजे ५ वर्षांत ६०० प्रश्न येतात, आणि त्यांपैकी किमान ५०० उघडावेच लागतात. तिमाही संपली की न उघडलेले प्रश्न गेले, ते परत मिळत नाहीत. आजारपण, बाळंतपण किंवा भारतातला लांबलेला मुक्काम यांसाठीच ही १०० प्रश्नांची सूट राखून ठेवावी. कंटाळा आला म्हणून पहिल्याच वर्षी दोन तिमाह्या सोडल्या तर ६० प्रश्न संपतात आणि पुढची ४ वर्षे जीव टांगणीला लागतो. वर्षाच्या सुरुवातीलाच नोंदणी करावी, कारण दुसऱ्या तिमाहीत नोंदणी करणाऱ्याचे पहिल्या तिमाहीचे ३० प्रश्न न उघडलेले म्हणूनच मोजले जातात.

प्रश्न उघडला की ४ मिनिटांचे घड्याळ सुरू होते आणि ते थांबवता येत नाही. वर्षभरासाठी ३० मिनिटांचा जादा वेळ मिळतो, पण ऑन-कॉल असताना, दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत प्रश्न उघडणारे तो पहिल्या काही महिन्यांतच संपवतात. नर्सचा फोन आला आणि वेळ संपली, तर ते उत्तर चूक धरले जाते. न उघडलेला प्रश्न सूट खातो आणि वेळ संपलेला प्रश्न गुण खातो, हा फरक ध्यानात ठेवून निवांत बसता येईल तेव्हाच प्रश्न उघडावेत.

एलकेए चालू आहे म्हणजे १०० गुणांची वेगळी काळजी नको, हाही समज चुकीचा आहे. प्रत्येक बरोबर उत्तराला ०.२ गुण मिळतो. सहाशेच्या सहाशे प्रश्न सोडवून त्यांतले ७० टक्के बरोबर आले, तरी हिशेब ८४ गुणांचा होतो. उरलेले १६ गुण अन्य मार्गाने मिळवावे लागतात.

प्रश्न सोडवताना पुस्तके आणि संकेतस्थळे पाहण्याची मुभा आहे, पण दुसऱ्या व्यक्तीला विचारण्याची नाही. सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर प्रश्नाचा फोटो टाकणे अनेकांना निरुपद्रवी वाटते. ते नियमांचे थेट उल्लंघन आहे. २०१० मध्ये परीक्षेतले प्रश्न एकमेकांना पुरवल्याबद्दल एबीआयएमने सुमारे १४० डॉक्टरांवर कारवाई केली होती. इतक्या कष्टांनी मिळवलेले नाव अशा कारणाने डागाळू नये.

उपशाखेत काम करणाऱ्यांनी मूळ इंटर्नल मेडिसिनचे सर्टिफिकेशन सोडावे की राखावे, याचा निर्णय केवळ बोर्डाचा नियम वाचून घेऊ नये. बहुतेक उपशाखांमध्ये बोर्ड ते अनिवार्य मानत नाही, पण एखाद्या रुग्णालयाची नियमावली मागू शकते. तीच गोष्ट एनबीपीएएस या २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पर्यायी मंडळाची. एमओसीवरचा डॉक्टरांचा राग समजण्यासारखा आहे, आणि त्याच वर्षी एबीआयएमने स्वतः आपली चूक मान्य करून काही अटी स्थगितही केल्या होत्या. तरीही रुग्णालय व विमा कंपनी पर्यायी मंडळ मान्य करतात का, याचे लेखी उत्तर हातात आल्याशिवाय जुने सर्टिफिकेशन सोडू नये.

रेसिडेन्सीच्या (पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या) काळातला रुग्णालयाचा ई-मेल नोकरी बदलताच बंद होतो. बोर्डाकडे कायम स्वतःचा खासगी पत्ता असावा. एलकेएच्या ५ वर्षांच्या शेवटी उत्तीर्णतेची पातळी गाठता आली नाही, तर पारंपरिक परीक्षा देण्यासाठी एका वर्षाची सवलत मिळते. तेव्हा निकाल पाहून हबकून न जाता ताबडतोब परीक्षेची तारीख घ्यावी आणि रुग्णालयाच्या संबंधित कार्यालयालाही आपणहून कळवावे.

महाराष्ट्रात परतण्याचा विचार असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. अमेरिकेतले सर्टिफिकेशन चालू असले तरी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी वेगळी असते. तिचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट तास लागतात. ती खंडित झालेली असेल, तर सुट्टीत गावी जाऊन आरोग्य शिबिरात रुग्ण तपासण्याआधी कौन्सिलकडे चौकशी करून घ्यावी, कारण नोंदणीशिवाय केलेला उपचार विनामूल्य असला तरी कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही.