बेअरिंगचं भोक ४७ चं काढलं, निघालं ४६.७४

ओपनएससीएडी म्हणजे कोड लिहून थ्रीडी प्रिंटसाठी भाग काढायचं सॉफ्टवेअर. त्यात वर्तुळ नसतंच, असतो बहुभुज. आयटीआयतून निघून तालुक्याच्या वर्कशॉपात तिफण-डवऱ्याचे सुटे भाग काढायला बसणाऱ्यांनी एवढं आधी डोक्यात घ्यावं. कमांड काय, आठवड्यात येतात.

६२०४ बेअरिंग घ्या, बाहेरचा व्यास ४७ मिमी. हाउसिंगमधून २३.५ त्रिज्येचा सिलिंडर वजा केला. डॉलर-एफएन ($fn, म्हणजे बाजूंची संख्या) दिलं नाही तर एफए १२ (एका बाजूचा किमान कोन, अंशांत) आणि एफएस २ (बाजूची किमान लांबी, मिमीत) हे आकडे आपोआप लागतात आणि भोकाला ३० बाजू पडतात. आता नीट बघा. कोपरे २३.५ वर असतात, सपाट बाजू त्याच्या आत. केंद्रापासून बाजू २३.५ गुणिले कॉस ६ अंश, म्हणजे २३.३७ वर. समोरासमोर ४६.७४. भोक पाव मिलिमीटर लहान! वर व्हर्नियरचे जबडे नेमके कोपऱ्यांत टेकले तर ते ४७ च दाखवतात, आणि दोष प्रिंटरवर जातो. हातोडीनं ठोकाल तर हाउसिंग तडकेल. ३ मिमीच्या भोकाला तर पाचच बाजू मिळतात. आत जेमतेम २.४३ ची तार जाते.

घाबरू नका, उपाय एका ओळीचा आहे. भोकाची त्रिज्या कॉस(१८०/बाजू)नं भागा, सपाट बाजू मापावर येतात. हे फक्त भोकांना. दांड्याला केलं तर दांडा जाड होईल. प्लास्टिक आकसतं त्याची सूट वेगळी धरा.

‘स्लायसरमध्ये १०१ टक्के कर’ असं सांगणारा गुरू सोडा. स्लायसर म्हणजे प्रिंटसाठी मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर, त्यात अख्खा भागच मोठा होतो. बोल्टांमधलं १०० मिमी अंतरही १०१ होतं, मग पट्टीवर बसत नाही. बाजू १८० केल्या तर फरक ०.००७ वर येतो, पण त्यावर मिंकोव्स्की (कडा गोल करायला वापरतात ती कमांड) लावलं की आकडेमोड करणाऱ्या जुन्या सीगॅल इंजिनवर एफ६, म्हणजे अंतिम रेंडर, लाईट जायच्या आत उरकत नाही. नव्या डेव्हलपमेंट आवृत्तीतलं मॅनिफोल्ड इंजिन बरंच वेगवान आहे. गोल मात्र त्यातही बहुभुजच.

पत्रा लेझर कटिंगला बुटीबोरी एमआयडीसीत पाठवायचा असेल तर ओपनएससीएडीची डीएक्सएफ (सपाट रेखाचित्राची फाइल) देऊ नका. त्यात वर्तुळाचे सरळ तुकडे जातात, व्यास सापडत नाही. स्टेप फाइल (खऱ्या गोलाईसकट थ्रीडी आकार देणारी) तर निघतच नाही. असा भाग सुरुवातीपासून फ्रीकॅड या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढा. त्याचं ओपनकॅस्केड इंजिन सिलिंडर अक्ष आणि त्रिज्येनं ओळखतं. ओपनएससीएडीतलं जुनं काम सीएसजी फाइल म्हणून तिथे उघडता येतं, पण हल (आकारांभोवती ताणलेलं कवच) आणि मिंकोव्स्कीचे भाग त्रिकोणांची जाळी होऊनच येतात. ते तेवढे नव्यानं काढा, कडांची गोलाई फ्रीकॅडच्या फिलेटनं द्या.