खुर्चीशेजारी कुत्रा बसवण्याआधी

घाबरणाऱ्या मुलांसाठी दातांच्या दवाखान्यात प्रशिक्षित कुत्रा आणायचं ठरलं असेल, तर आधीचा एक रविवार त्याच्या कानांसाठी राखून ठेवा. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५ च्या आसपासचाही येतो. दातांवरचा थर काढायचं आपलं मशीन, म्हणजे अल्ट्रासॉनिक स्केलर, बहुधा २५ ते ४० च्या दरम्यान चालतो. आपल्याला जी बारीक शिट्टी वाटते, तिच्यात कुत्र्याला बरंच जास्त ऐकू येतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी ऐकवण्यात अर्थ नाही, तो वरचा आवाज मोबाइलमध्ये उतरतच नाही. रिकाम्या दवाखान्यात खरं मशीन लावा. आधी कुत्रा बाहेरच्या खोलीत आणि दार बंद, मग दार उघडं, मग खुर्चीपासून दहा पावलांवर. दात कोरायच्या मशीनची, म्हणजे एअरोटरची, ओळखही अशीच करून द्या. त्याने पुन्हा पुन्हा ओठ चाटले, जांभया दिल्या, मान फिरवली किंवा शेपूट पायांत घातली, की त्या दिवशीचं तिथेच थांबवा. सोसत बसलेल्या कुत्र्याच्या अंगावर हात ठेवून मूल शांत होत नाही, आणि मुक्या जिवाला असं सोसायला लावणं मला पटत नाही.

कागदपत्रं पटकन होतात. रेबीजची चालू लस, जंतनाशकाची नोंद आणि तब्येतीचा दाखला एवढं घ्या. दाखला नेहमीच्या पशुवैद्याकडून चालेल, नाहीतर नागपुरात सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. त्याला कच्चं मांस खायला घालतात का, हे मात्र आवर्जून विचारा. घालत असतील तर ते बंद करून तीन महिने होईपर्यंत त्याला बोलावू नका, साल्मोनेलासारखे जंतू पसरू शकतात. आदल्या दिवशी आंघोळ आणि नखं.

पालकांना फोनवरच सगळं सांगा. दमा, ॲलर्जी, केमोथेरपी असं काही आहे का विचारा. गल्लीतल्या कुत्र्याने मुलाला कधी चावलंय का, हेही विचारा. चावलं असेल तर हा उपाय त्या मुलासाठी नाही.

दवाखान्यात गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतात, तिथे सतरंजी टाका. कचऱ्याचा डबा झाकणाचा हवा, रक्ताळलेला कापूस तो हुंगणारच. झायलिटॉलचं (साखरेऐवजी घालतात त्या गोड पदार्थाचं) च्युइंगम आणि पेस्ट कपाटात बंद करा. आपण मुलांना कौतुकाने देतो ते झायलिटॉल कुत्र्याची साखर एकदम खाली आणतं, जीवही जाऊ शकतो. स्टाफमधल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा.

एप्रिल-मे असेल तर सकाळी आठचीच वेळ द्या. धंतोलीसारख्या भागात गाडी लांब लावावी लागते आणि आपल्या नागपूरच्या उन्हात डांबरावर कुत्र्याचे पंजे भाजतात. रस्त्यावर तळहात पाच सेकंद ठेवून पाहा.

भेट तासाभरापेक्षा कमी ठेवा आणि त्यातली सगळ्यात मोलाची वेळ वाया घालवू नका: इंजेक्शननंतर ओठ बधिर व्हायची पाच-दहा मिनिटं. मूल तेव्हा नुसतं बसून पुढे काय होणार याचा विचार करत असतं. त्याला बाहेरच्या खोलीत आणा, कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवू द्या. तोंड मात्र चाटू देऊ नका. मग साबणाने हात धुऊन परत खुर्चीवर.

आवाजाची एवढी सवय करून दिली असली तरी, कुत्र्याला सांभाळणाऱ्या ताई-दादांनी त्याला गाडीत बसवून गाडी निघाली, की मगच स्केलर सुरू करा.