प्रकल्पातली माहिती पारखायची कशी?

ठाणे जिल्ह्यावरच्या प्रकल्पात माझ्या भाचीने लिहिलं होतं, ‘लोकसंख्या १,१०,६०,१४८, तालुके १५.’ आकडा जनगणनेचा, तरीही ओळ चुकीची. जनगणना २०११ची, आणि १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा जिल्हा झाला. आठ तालुके तिकडे गेले, ठाण्यात सात उरले.

म्हणून आधी माहिती कधीची आणि कुठल्या हद्दीची ते बघा. वेबसाइटवर तारीख नसेल तर मजकुरातच खूण शोधा. ठाण्याच्या तालुक्यांत जव्हार, मोखाडा, डहाणू दिसले की पान जुनं समजा.

मग मुळाशी जा. संशयास्पद वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. दहा ठिकाणी तेच शब्द आणि शुद्धलेखनाच्याही त्याच चुका निघाल्या, तर तो एकच मजकूर दहा जणांनी उतरवलेला आहे. त्याला एकच साक्षीदार धरा. विकिपीडिया वाचायला माझी अजिबात हरकत नाही, पण तळाचे संदर्भ उघडून बघितल्याशिवाय त्यातलं काही वहीत घेऊ नका.

उतरवताना शब्द सांडू देऊ नका. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला आली ती देशातली पहिली प्रवासी गाडी. मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहणारी रेल्वे १८३७मध्येच होती. ‘प्रवासी’ हा शब्द गळला की वाक्य खोटं पडतं.

माणसांना जरूर विचारा. मुलं हे करत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. चेंदणी कोळीवाड्यातले आजोबा लहानपणी खाडीत कुठली मासळी मिळायची ते सांगत असतील, तर त्यांच्याइतका चांगला आधार नाही, कारण ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. तेच आजोबा पहिल्या गाडीबद्दल बोलले तर ती ऐकीव गोष्ट, आणि वहीतही तसंच नोंदवा. जुन्या ग्रंथांनाही हाच नियम. १८८२चं ठाणे गॅझेटिअर त्या काळची पिकं, बंदरं, बाजार यांसाठी मोलाचं आहे, पण ते इंग्रज सरकारने कारभारासाठी तयार करून घेतलं होतं. त्यातली जातीजमातींबद्दलची मतं जशीच्या तशी उचलू नका.

भाचीने आकडा खोडला नाही. शेजारी कंसात लिहिलं, ‘२०११ची जनगणना, पालघरसह अखंड जिल्हा’, आणि तालुके मात्र सात केले.